राजगडाचा पाऊस आणि बारामतीची सवय

बारामती-इंदापूरच्या उसाला मिळणाऱ्या पाण्यातलं काही पाणी आधी राजगडाच्या अंगावरून ओघळलेलं असतं. गडाच्या उत्तरेला पडलेला पाऊस गुंजवणी नदीत उतरतो, दक्षिणेला पडलेला वेळवंडीतून भाटघर धरणात जातो. पुढे दोन्ही पाणी नीरेत मिसळतं, वीरला अडतं आणि १८८५पासून वाहणाऱ्या नीरा डाव्या कालव्यातून आपल्या शिवारात येतं. म्हणजे या पावसाशी आपली ओळख जुनी आहे, पण ती कालव्याच्या काठावरून झालेली. तो पडतो कसा, हे आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नसतं.

दर पावसाळ्यात बारामती, भिगवण, इंदापूरहून पोरांच्या गाड्या भरून राजगडाकडे निघतात. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांमध्ये राजगड आहे, त्यामुळे पहिल्यांदाच गड चढणारेही पुष्कळ असतात. चालायची ताकद त्यांच्यात असते. अडचण अंदाजाची येते. आपल्याकडे पाऊस ही वाट बघायची गोष्ट. आभाळ भरून येतं, वारा सुटतो, चार थेंब पडतात आणि ढग पुढे निघून जातात. असं वर्षानुवर्षं बघून आपण ढगावर विश्वास न ठेवायला शिकलो. शेतात हे शहाणपण चालतं, गडावर तेच अंगाशी येतं.

फरक एवढा का, ते आधी समजून घेऊ. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा दमट वारा सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो. वर चढण्यावाचून त्याला वाट नसते. वर गेला की तो थंड होतो, थंड हवेला तेवढी वाफ धरून ठेवता येत नाही आणि ती पाऊस होऊन घाटमाथ्यावर कोसळते. उरलेला वारा पूर्वेकडे उतरताना तापतो आणि कोरडा होतो. आपल्यापर्यंत पोचतो तो हा रिकामा झालेला वारा. बारामती-इंदापुरात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. राजगडाच्या तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या वेल्ह्यात, दोन हजारांच्या वर. ताम्हिणीसारख्या ठिकाणी पाच हजारांच्याही पुढे. आणि हे सगळं एकाच पुणे जिल्ह्यात.

म्हणून हवामानाचा अंदाज वाचताना पहिली चूक इथेच होते. ‘पुणे जिल्ह्यात नारंगी इशारा’ अशी बातमी येते, आपण अंगणात येऊन वर बघतो, तर लख्ख ऊन. मग ‘काही होत नाही, हे असंच सांगतात’ म्हणून गाडी काढली जाते. इशारा बहुतेक वेळा घाटभागासाठी असतो आणि हवामान विभाग पुण्याचा घाटभाग वेगळा दाखवतोही. तोच बघायचा. पिवळ्या रंगाच्या वेळी चोवीस तासांत साधारण ६५ ते ११५ मिलिमीटर पाऊस धरलेला असतो, नारंगीला त्यापुढे २०४पर्यंत आणि लालला त्याहून जास्त. आपल्या भागाच्या मापाने बोलायचं तर नारंगी म्हणजे वर्षाच्या पावसाचा जवळपास पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त एका दिवसात. नवख्या माणसाने नारंगी किंवा लाल दिसला की बेत रद्द करावा, पिवळा दिसला तर पुढे ढकलावा. विजांसाठी पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असावं. आपल्याकडे कितीतरी शेतकऱ्यांच्या फोनमध्ये ते आधीच असतं.

शिवाय पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश काढतं. ते निघण्याआधी तपासावेत. बंदी असताना मागच्या वाटेने चढवणारा कोणी भेटला तर त्याला रामराम घालावा.

मग जायचं कधी? मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने जुलै-ऑगस्ट सोडून द्यावा. धबधबे आणि धुक्याचे फोटो तेव्हाचे असतात हे खरं, पण तेव्हा वाट शिकता येत नाही, नुसतं निभावता येतं. सप्टेंबरचा शेवट चांगला. गवत अजून हिरवं असतं, मधूनमधून सर येते, ऊनही पडतं. बदलत्या हवेत वावरायचं कसं हे त्या दिवसांत शिकायला मिळतं. ऑक्टोबरात परतीच्या पावसाची दुपारची वीज मात्र विसरू नये. तिच्याबद्दल पुढे सांगतो. नोव्हेंबर-डिसेंबर सगळ्यांत सोपा.

तयारी महिनाभर आधी लागते आणि त्यासाठी जिमची गरज नाही. वारीत चालणारे आपल्या गावागावांत आहेत. बेलवाडीचं रिंगण बघून पुढे अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी मजल मारणारा माणूस कमकुवत नक्कीच नसतो. पण सपाटीवर वीस किलोमीटर चालणं आणि पाच-सहाशे मीटरची उभी चढण ही दोन वेगळी कामं आहेत. चढताना छातीचा भाता चालतो, उतरताना मांड्या आणि गुडघे पणाला लागतात. उतरताना मांडीचा स्नायू लांब होत असतानाच त्याला शरीराचं वजन पेलावं लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. सराव त्याचाच करायचा. जेजुरीचं कडेपठार यासाठी जवळचं आणि उत्तम ठिकाण. पाठीवर चार-पाच किलोची बॅग घेऊन आठवड्यातून एकदा चढा आणि उतरताना धावू नका, पाऊल मोजून टाका. चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढताना पाहिल्या असतील, तर चढणीवर घाई कामाची नसते हे वेगळं सांगायला नको. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. साखरेच्या माणसाने गोळ्या आणि खाणं स्वतःच्या बॅगेत ठेवावं, मित्राच्या नव्हे.

आता अंगावर काय घालायचं ते जरा सविस्तर, कारण बहुतेकांचा दिवस इथेच बिघडतो. जीन्स आणि सुती टी-शर्ट हा आपला सार्वत्रिक पोशाख. सुती कापड पाणी शोषून घेतं, सोडत नाही आणि अंगाला चिकटतं. गडाचा माथा समुद्रसपाटीपासून जवळपास १,४०० मीटरवर आहे, बारामती साडेपाचशेच्या आसपास. दर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी हवा थंड होते, म्हणजे माथा आपल्यापेक्षा पाच अंशांनी गार. तेवढ्याने कोणाला काही होत नाही. पण भिजलेलं सुती कापड, त्यावर माचीवरचा सोसाट्याचा वारा आणि त्यात फोटोसाठी अर्धा तास उभं राहणं असं जुळून आलं की ऑगस्टच्या भर दुपारी माणूस काकडतो. हे बाहेरून लगेच कळत नाही. आधी तो गप्प होतो, मागे पडतो, विनाकारण चिडतो. मग रेनकोटची चेन लावायला जातो आणि बोटं ऐकत नाहीत. चेन लागत नसेल तर समजायचं, थांबायची वेळ आली. त्याला आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, गोड खायला द्या, ओल्या कातळावर बसू देऊ नका आणि त्याला घेऊन सगळे खाली उतरा. बोलणं अडखळायला लागलं तर तो आजारी आहे असं धरूनच वागायचं.

म्हणून पटकन वाळणारी पँट आणि बनियन, ज्याला दुकानात ‘ड्रायफिट’ म्हणतात, तसलं काहीही चालेल. महागडं नाव लागत नाही. सोबत एक पातळ लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. आपले मेंढपाळ पावसात घोंगडी का पांघरतात ते इथे कळतं. लोकर भिजली तरी ऊब धरून ठेवते. घोंगडी घेऊन गड चढायला कोणी सांगत नाही, लोकरीचा एक कपडा पुरे. रेनकोट दोन तुकड्यांचा, जॅकेट आणि पँट असा घ्यावा. चढताना मात्र तो सतत घालून ठेवू नका, आतल्या घामानेच भिजाल. रिमझिम असेल तर भिजत चढा आणि माथ्यावर थांबलात की कोरडं घालून वर जॅकेट चढवा. छत्री गाडीत ठेवा, माचीवर वारा ती उलटी करतो आणि हात अडकतो तो वेगळाच.

बुटांची गोष्ट मातीपासून सुरू होते. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात पायाला किलोभर चिखल चिकटतो. त्या चिखलात चालण्यात आपण पटाईत. घाटात तशी माती नाही. तिथे तांबडी माती साबणासारखी सरकते आणि खालच्या कातळावर शेवाळ असतं. घसरगुंडीचा खरा धोका शेवाळाच्या हिरव्या-काळ्या पट्ट्यावर, कडेच्या गवतावर तेवढा नाही. गुळगुळीत तळाचे पांढरे स्पोर्ट्स शूज इथे कुचकामी. खोल खाचांचे साधे ट्रेकिंग बूट हजार-दीड हजारात मिळतात. ते घेऊन आधी दोन आठवडे घालून फिरा, नवे बूट थेट गडावर नेले की टाचेला फोड ठरलेला. आदल्या दिवशी पायाची नखं कापा. हा सल्ला क्षुल्लक वाटतो, पण दोन तास उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहिला की त्याची किंमत कळते.

बॅगेत दोन ते तीन लिटर पाणी, पावसातही. थंडीत तहान लागत नाही आणि माणूस पाणी पीत नाही, मग उतरताना पायात गोळे येतात. भाकरी-चटणी, शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू, थोडी साखर-मिठाची पुडी. शिट्टी. बॅटरी, म्हणजे डोक्याला लावायची विजेरी, फोनची नव्हे. फोन प्लॅस्टिकमध्ये. बास.

गाडी बारामतीहून मोरगाव, जेजुरी, सासवड, कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी अशी जाते. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, तीन-सव्वातीन तास. हा रस्ताच हवामानाचा धडा आहे, झोपून घालवू नये. मोरगावपर्यंत माळ कोरडा असतो, बाजरी किंवा मोकळं रान. सासवड सोडून नारायणपूरच्या बाजूला आलात की पुरंदराच्या माथ्यावर ढग बसलेला दिसतो आणि कापूरहोळनंतर शेतात भाताची खाचरं लागतात. खाचरात पाणी भरलं आहे, ओढे तांबडे वाहताहेत, पुढे गड दिसायला हवा तिथे नुसता पांढरा पडदा आहे, असं असेल तर गाडीतच बोलून घ्या. बेत बदलायला सगळ्यांत स्वस्त जागा तीच. इंदापूरकरांना आणखी पन्नास किलोमीटर पडतात. त्यांनी आदल्या रात्री नारायणपूरला मुक्काम करावा, रात्री दोनला उठून निघू नये.

चढायच्या वाटा मुख्यतः दोन. गुंजवण्याहून चोरदरवाजाची वाट लोकप्रिय आहे. ती आधी रानातून, मग सोंडेवरून चढते आणि शेवटी उभ्या कातळात खोबण्या नि रेलिंग धरून वाकून एका छोट्या दरवाजातून वर निघते. समोर पद्मावती तळं. वाट सुंदर आहे, यात वाद नाही. पण पावसाळी रविवारी त्या शेवटच्या टप्प्यात वर जाणारे आणि खाली येणारे एकाच रेलिंगला लोंबकळत असतात, आणि वरच्याचा पाय घसरला तर तो खालच्याला घेऊनच येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने पाली दरवाजाने जावं. तो गडाचा राजमार्ग, पायऱ्या रुंद, चढ समजूतदार. आणि शक्यतो रविवार टाळावा.

पहाटे चारला बारामती सोडली तर पावणेआठला चढायला सुरुवात होते. नवख्यांच्या गटाला अडीच-तीन तास धरा. साडेदहा-अकराला पद्मावती माचीवर. परतीची वेळ खालीच ठरवायची आणि सगळ्यांसमोर बोलायची: एक वाजता, जिथे असू तिथून मागे. बालेकिल्ला राहिला तर राहिला. एकची वेळ मनाने काढलेली नाही. परतीच्या पावसाच्या दिवसांत विजा बहुधा दुपारनंतर येतात आणि अंधारात पायऱ्या उतरण्यापेक्षा वाईट काही नाही. घरी एकाला वाट, गाडीचा नंबर आणि ‘सातपर्यंत फोन आला नाही तर ११२ला कळव’ एवढं सांगून ठेवा. गडावर रेंज येते-जाते.

धुक्याबद्दल थोडं. राजगडाला तीन बाजूंना तीन माच्या फुटलेल्या आहेत: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, मध्ये बालेकिल्ला. उघडीप असते तेव्हा हे नकाशासारखं दिसतं. ढग माथ्यावर बसला की वीस पावलांपुढचं दिसत नाही आणि तिन्ही माच्यांची तटबंदी सारखीच वाटायला लागते. मग घोटाळा होतो. संजीवनी माचीच्या बाजूने अळू दरवाजातून उतरलात तर भलत्याच खोऱ्यात, भुतोंड्याकडे, भाटघरच्या पाण्याच्या दिशेला पोचाल, आणि तुमची गाडी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उभी असेल. म्हणून वर पोचताच, स्वच्छ दिसत असतानाच, दरवाजातून बाहेर पडून मागे वळून बघा आणि परत येताना ही जागा कशी दिसेल ते डोळ्यांत भरून घ्या. धुकं उतरलं तर पद्मावती देवीच्या देवळाजवळ एकत्र जमा, थांबा. ढग सरकतात, दहा-वीस मिनिटांत खिडकी उघडते. न उघडली तर सगळ्यांनी एकामागे एक, सगळ्यांत हळू चालणारा पुढे.

विजेचं गणित सोपं आहे. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत ऐकू आलं तर बालेकिल्ला, बुरूज, तटाची कड, नेढं (सुवेळा माचीवरचं कातळातलं आरपार भोक) सोडायचं. रेलिंगपासून लांब, एकट्या झाडाखाली नाही, उथळ कपारीच्या तोंडाशी तर अजिबात नाही. देऊळ जवळ असेल तर आत, भिंत आणि दार सोडून मध्ये. उघड्यावर सापडलात तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. वळवाच्या पावसात रानातून घरी पळालेल्या माणसाला यातलं निम्मं माहीत असतं. फक्त इथे पळायला घर जवळ नसतं.

ओढ्यांच्या बाबतीत आपली सवय सगळ्यांत घातकी. आपल्याकडचे ओढे वर्षातून चार वेळा वाहतात आणि आपण ते बघायला गर्दी करतो. घाटात तुमच्या डोक्यावर ऊन असताना वरच्या पठारावर पडलेली सर पंधरा-वीस मिनिटांनी ओढ्यात उतरते. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले, आणि तिथे काठावर माणसांची गर्दी होती. पाणी गढूळ झालं, त्यात काड्या-पानं यायला लागली, आवाज बदलला की काठ सोडायचा. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी ओलांडायचं नाही, थांबायचं. घाटातला ओढा जसा झपाट्याने चढतो तसाच उतरतो, तास-दोन तासांत बहुधा वाट मोकळी होते.

कोरड्या दिवसांत गेलात तर पाऊस नसतो, मधमाश्या असतात. सुवेळा माचीच्या नेढ्याजवळ आणि कड्यांना आग्या मोहोळं लागतात. अत्तर मारून जाऊ नये, धूर करू नये, आरडाओरडा करू नये.

मागे फिरायचं कधी, यावर गटात हमखास वाद होतो. ‘एवढ्या लांबून आलोय’ हे वाक्य कोणीतरी म्हणतंच. सव्वाशे किलोमीटरचं डिझेल जाळून आलेल्या माणसाला ते पटतंही. म्हणून नियम आधीच ठरलेला असावा: गटातल्या एकाने जरी परत जाऊ म्हटलं तर चर्चा नाही, सगळे परत. एकट्याला ‘तू थांब इथे, आम्ही वर जाऊन येतो’ असं कधीही सांगायचं नाही. धुक्यात मागे राहिलेला, कंटाळून एकटाच हलतो आणि मग शोधाशोध सुरू होते.

उतरताना तोंड दरीकडे आणि पाऊल आडवं. खूप उभा कातळ असेल तर लाज न बाळगता कातळाकडे तोंड करून, शिडी उतरल्यासारखं. बहुतेक जण चढताना सावध असतात आणि उतरताना गप्पा मारतात. पाय मुरगळतो तो शेवटच्या अर्ध्या तासात, गाव दिसायला लागल्यावर. बुटांची नाडी उतरण्याआधी पुन्हा घट्ट बांधा, चवडा पुढे सरकणार नाही इतकी.

गाडीशी पोचल्यावर आधी कपडे बदला, मग चहा. चालवणारा माणूस गड चढलेला असेल, पहाटे चारपासून जागा असेल, तर त्याने सासवडच्या पुढे एकट्याने गाडी रेटू नये. चालवणारे दोघे असावेत, किंवा एकाला न चढता खाली गावातच झोपू द्यावं. आणि घरी ज्याला ११२चं सांगून ठेवलं होतं, त्याला पहिला फोन करा. तो साडेसहापासून घड्याळ बघत असतो.